दसरा ते दसरा

२२ सप्टेंबर २०२०, मंगळवार. रात्रीचे दहा वाजून गेलेत. तुम्ही शिरूर तालुक्यात, कारेगावातल्या एका भाड्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभे आहात. पाठीमागे पुणे-नगर रस्ता आहे. रात्रपाळीची माणसं रांजणगावच्या एमआयडीसीत सोडून बसगाड्या रिकाम्या परत येताहेत. खोलीत चौघं राहतात. दोरीवर टॉवेलांच्या शेजारी धुतलेले मास्क वाळत घातलेत. हॉटेलात बसून जेवायला अजून परवानगी नाही, म्हणून पार्सलच्या पिशव्या फोडून वर्तमानपत्रावर जेवण मांडलंय आणि तांब्याला टेकवलेल्या मोबाइलवर शारजातला सामना चाललाय.

राजस्थाननं २१६ केल्यात. संजू सॅमसननं ३२ चेंडूंत ७४ कुटल्या. चेन्नईचा पाठलाग धापा टाकतोय. राहुल तेवतियाच्या फिरकीवर सॅम करन पुढे येतो, फसतो, यष्टिचीत. पाचव्या क्रमांकाला नवा पोरगा येतो. पहिलाच चेंडू. तोही क्रीज सोडून पुढे येतो, चेंडू बॅटला चकवून जातो आणि सॅमसन पुन्हा बेल्स उडवतो. शून्य.

"हा कोण रे?"

"गायकवाड. ऋतुराज. पुण्याचा हाय."

"पुण्याचा म्हंजी आपलाच की."

"आपला असून उपेग काय? धोनी सातव्या नंबरला येणार आन् ह्याला पाचव्याला धाडलाय."

तुम्हाला बोलावंसं वाटतं. पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला ह्याच पोराच्या हातात आयपीएलचा उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार असणार आहे आणि डोक्यावर सर्वाधिक धावांची केशरी टोपी, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. पण मागच्या काळात गेलेल्या माणसाला फक्त पाहता येतं, सांगता येत नाही. तुम्ही गप्प राहता. शेवटच्या षटकात धोनी ओळीनं तीन षटकार मारतो, चेन्नई तरीही १६ धावांनी हरते, आणि चौघंही त्या षटकारांबद्दल बोलत झोपी जातात. शून्यावर गेलेल्याचं नाव कुणाच्या ध्यानात उरत नाही.

खोलीतल्या कुणालाच तो तिथवर कसा आला हे माहीत नाही. डिसेंबर २०१८ च्या लिलावात चेन्नईनं त्याला वीस लाखांना घेतलं, म्हणजे मूळ किमतीला. २०१९ चा अख्खा हंगाम त्याला एकही सामना मिळाला नाही. २०२० मध्ये सुरेश रैना माघारी परतला, जागा रिकामी झाली, पण त्याच सुमारास दुबईत चेन्नईच्या ताफ्यातले तेरा जण कोरोनाबाधित निघाले. त्यात खेळाडू दोन होते, आणि त्यांतला एक ऋतुराज. बाकीचे नेटमध्ये घाम गाळत असताना तो हॉटेलच्या खोलीत एकटा अडकून पडला होता. शारजातला तो एक चेंडू या सगळ्यानंतरचा आहे.

आणखी मागे गेलात तर ऑक्टोबर २०१६ लागेल. महाराष्ट्राकडून रणजी पदार्पण, समोर झारखंड, हातात नवा चेंडू घेऊन वरुण ॲरन. एक चेंडू बोटावर आदळतो आणि हाड मोडतं. पहिलाच सामना आणि थेट प्लॅस्टर. त्याही मागे थेरगावची वेंगसरकर अकादमी आहे, जिथे तो अकराव्या वर्षी दाखल झाला. वडील डीआरडीओत, आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, घर सांगवीत. मूळ गाव पारगाव मेमाणे.

या पारगावावरून दौंड तालुक्यात पुढे बरीच हमरीतुमरी होणार आहे. भीमेकाठी, शिरूर-न्हावरा-चौफुला रस्त्यावर दौंडचंही एक पारगाव आहे, सालूमालूचं. २०२१ च्या उन्हाळ्यात तिथल्या पारावर कुणीतरी छातीठोकपणे सांगेल की पोरगा आपल्या पारगावचा आहे, आणि दुसरा त्याला लगेच अडवेल, "ते पुरंदरातलं. यवतवरून भुलेश्वरचा डोंगर वलांडला की पल्याड." डोंगराच्या पल्याडचा का होईना, पण जवळचा. नातं जोडायची एवढी ओढ उगाच नसते. आपल्या मातीतला कुणी तिथवर पोचतो, तेव्हा मधलं अंतर थोडं कमी झाल्यासारखं वाटतं.

प्रत्यक्षात ते कमी झालेलं नसतं. दौंडहून पुणे रेल्वेनं पाऊणशे किलोमीटर आहे. शिरूरहून रेल्वे नाहीच, एसटी किंवा वडाप. इथली पोरं खेळतात ती टेनिस बॉलवर, कापणी झालेल्या रानात रोलर फिरवून. लेदर बॉल, टर्फची खेळपट्टी, रोजचा नेट, हे सगळं शहराकडे. निवड चाचणीला जायचं म्हणजे घरातल्या कुणाचा तरी एक रोजगार बुडवायचा, आणि तिथे पॅड बांधून जे पाच-दहा चेंडू वाट्याला येतील त्यात सगळं दाखवायचं. गुणवान पोरं या दोन तालुक्यांत कमी नाहीत, हे मी ठामपणे म्हणेन. कमी पडतो तो शून्यावर बाद झाल्यानंतरचा सामना.

चला पुढे. ऑक्टोबर २०२०. दिल्लीविरुद्ध त्याला आणखी एक सामना मिळाला होता. तिथे पाचावर धावबाद. मग जवळजवळ महिनाभर बाकावर. १९ तारखेला राजस्थानकडून हरल्यावर धोनी म्हणतो, तरुणांमध्ये ती ठिणगी दिसली नाही. देशभर टीका होते. २३ तारखेला मुंबईविरुद्ध ऋतुराज सलामीला येतो आणि बोल्टच्या इनस्विंगवर पायचीत होतो. पुन्हा शून्य. चेन्नई दहा गडी राखून हरते. तीन डावांत मिळून पाच धावा.

आता तुम्ही दौंडमध्ये आहात, २५ तारखेला, दसऱ्याच्या दुपारी. देवळं बंद आहेत. झेंडूचा भाव चढलाय, पावसानं फूल कुजलंय. सामना साडेतीनचा, दुबईत, बेंगळुरूशी. स्पर्धेतून चेन्नई जवळपास बाहेर पडलीय, त्यामुळे घरातल्या मोठ्यांना फारसा रस नाही. ते पाटावर विळा, कोयता, पाना, पोरांची पुस्तकं मांडून पूजा करताहेत. टीव्हीसमोर एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा तेवढा बसलाय. समोर लक्ष्य १४६ चं. ऋतुराज सलामीला पुन्हा आहे. कुठलाही संघ दोन शून्यांनंतर ज्याला वगळेल, त्याला चेन्नईनं दोन दिवसांत परत त्याच जागी उभं केलंय.

मुलाच्या बाजूला बसून नीट पाहा. तो चेंडूला भिडायची घाई करत नाही. फटका मारताना डोकं स्थिर, बॅट सरळ, जोर मनगटात. ऑफस्टंपबाहेरचा चेंडू तो कव्हरमधून नुसता ढकलतो आणि क्षेत्ररक्षक वळायच्या आत चेंडू दोरीला लागलेला असतो. ५१ चेंडूंत नाबाद ६५, आठ गडी राखून विजय. मुलाला आई हाक मारते, आपट्याची पानं वाटायला जायचंय. तो उठत नाही. त्यानंतर कोलकात्याविरुद्ध ७२ आणि पंजाबविरुद्ध नाबाद ६२. ओळीनं तीन अर्धशतकं, तिन्ही सामन्यांत सामनावीर.

ज्या पुरस्काराच्या दिशेनं हा सगळा प्रवास चाललाय, त्याच्या अटी समजून घ्यायला हव्यात. वयाची मर्यादा आहे, हंगामाआधी आयपीएलचे पंचवीसहून जास्त सामने झालेले नसावेत आणि तो आधी कधी मिळालेला नसावा. म्हणजे पहिल्याच वर्षी चमकायला हवं असं नाही, पण दारं फार काळ उघडी राहात नाहीत. बाहेरच्या खेळांतही या मानाला फार मोल आहे. उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीत नवोदितांसाठी कॅल्डर ट्रॉफी असते. १९९० मध्ये ती एकतीस वर्षांच्या सर्गेई मकारोव्हला मिळाली. सोव्हिएत संघात वर्षानुवर्षं गाजलेला खेळाडू केवळ त्या लीगमध्ये नवा होता. वाद झाला, आणि नियमात सव्वीसची वयोमर्यादा आली. आपल्याकडे प्रो कबड्डीत २०१८ साली चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईनं पहिल्याच हंगामात चढायांचे दोनशे गुण ओलांडले आणि सर्वोत्तम नवोदित ठरला. आयपीएलच्या यादीत रोहित शर्मा, संजू सॅमसन, ऋषभ पंत आहेत. आणि काही नावं अशीही आहेत, जी पुढे फारशी ऐकू आली नाहीत.

एप्रिल २०२१. हा थांबा टाळता आला असता तर बरं झालं असतं, पण टाळू नका. तुम्ही शिरूर शहरात आहात. दुकानांची शटरं ओढलेली. मेडिकलबाहेर रांग आहे आणि रांगेतला प्रत्येक जण एकाच इंजेक्शनचं नाव घेतोय. रुग्णवाहिकेचा आवाज आला की घराघरातली बोलणी थांबतात. अशा दिवसांत क्रिकेट पाहावं का, असा प्रश्न तेव्हाही पडत होता. मी म्हणेन, पाहणाऱ्यांना दोष देऊ नका. ज्यांच्या घरातलं माणूस दवाखान्यात होतं आणि ज्यांना आत सोडत नव्हते, त्यांना रात्र काढायची होती.

मुंबईत रिकाम्या वानखेडेवर ऋतुराजच्या धावा अशा: पाच, पाच, दहा. बाकावर रॉबिन उथप्पा बसलाय, भारताकडून खेळलेला, आयपीएलमध्ये एकदा केशरी टोपी जिंकलेला. बदल करायचा तर याहून सोपा बदल नाही. धोनी आणि प्रशिक्षक स्टीफन फ्लेमिंग तो करत नाहीत. चौथा सामना २१ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी. त्याच दुपारी नाशिकच्या रुग्णालयातल्या ऑक्सिजन गळतीची बातमी आलीय आणि माणसं सुन्न आहेत. रात्री ऋतुराज ४२ चेंडूंत ६४ करतो, फाफ डू प्लेसीबरोबर ११५ ची सलामी देतो. पुढे हैदराबादविरुद्ध ७५. मग बायोबबलच फुटतो आणि ४ मे रोजी स्पर्धा थांबते. सात सामने, १९६ धावा. पुरस्काराच्या चर्चेत तेव्हा राजस्थानच्या चेतन साकारियाचं नाव पुढे आहे.

१९ सप्टेंबर २०२१, अनंत चतुर्दशी. मिरवणुकीला बंदी असल्यामुळे घोडनदीच्या काठी तुम्हाला ना ढोल ऐकू येतो ना गुलाल दिसतो. लोक चार-चारच्या गटानं येतात, आरती म्हणतात, मूर्ती देतात, निघून जातात. घरी पोचेपर्यंत दुबईत चेन्नईची चार बाद २४ अशी अवस्था झालीय आणि अंबाती रायुडू मार लागून बाहेर गेलाय. समोर मुंबई. बोल्ट, मिल्ने, बुमरा. आणि खेळपट्टीवर तोच, सलामीपासून. आधी तो पडझड थांबवतो. बऱ्याच वेळानं जडेजाबरोबर एक-एक, दोन-दोन करत डाव उभा राहतो, मग ब्राव्होबरोबर सुटतो. डावाच्या शेवटच्या चेंडूवर बुमराला गुडघा टेकून लेगला षटकार. ५८ चेंडूंत नाबाद ८८. चेन्नई १५६ आणि वीस धावांनी विजयी. मला विचाराल तर हा हंगाम इथेच ठरला. पुढचं शतक जास्त गाजलं, पण शतक चांगल्या खेळपट्टीवर होतं. हा डाव ढिगाऱ्यातून उभा केलेला होता.

शतक आलं २ ऑक्टोबरला, अबूधाबीत. शेवटच्या चेंडूला तो ९५ वर, गोलंदाज मुस्तफिझूर, २०१६ चा उदयोन्मुख खेळाडू. षटकार. ६० चेंडूंत नाबाद १०१. तरी राजस्थाननं १९० धावा साडेसतरा षटकांत काढल्या. जैस्वाल आणि दुबेनं सामना पळवून नेला.

१० ऑक्टोबर, रविवार, नवरात्रातली रात्र. आता तुम्ही केडगावच्या बाजूला एका गुऱ्हाळावर या. लांबूनच गोड धुराचा वास येतो. जळव्या चुलवाणात चिपाड सारतोय. काहिलीत रस उकळून तांबूस झालाय, वर आलेली मळी झाऱ्यानं काढून टाकलीय. गुळव्या काहिलीच्या कडेला उभा आहे; साठीच्या पुढचा, सगळे त्याला तात्या म्हणतात. पोरांनी मोबाइल खांबाला तारेनं बांधलाय. पहिला क्वालिफायर, दिल्लीच्या १७२. डू प्लेसी पहिल्याच षटकात गेलाय. ज्याला बाकावर ठेवून ऋतुराजला जपलं होतं, तो उथप्पाच आता त्याच्या जोडीला आहे आणि ४४ चेंडूंत ६३ मारतोय.

"तात्या, उतरवायची का?" जळव्या विचारतो.

तात्या पळीनं थोडा पाक घेतात, थंड पाण्याच्या भांड्यात सोडतात, बोटांनी गोळी करून पाहतात. गोळी बोटात विरते. "आजून नाय. आत्ता उतरवली तर काकवी निघंल." मोबाइलकडे ते बघतही नाहीत. थोड्या वेळानं पुन्हा गोळी. या खेपेला ती घट्ट बसते, नखानं दाबली तरी मोडत नाही. ते मान हलवतात. चौघं जण कड्यांना धरून काहील उचलतात, वाफ्यात पाक ओततात, खोरी चालू होतात. त्याच वेळी खांबावर ऋतुराज ७० वर झेल देतो. ११ चेंडूंत २४ हव्यात. धोनी येतो. सहा चेंडूंत १८. पोरं ओरडतात, एकाच्या हातातलं खोरं तसंच राहतं आणि तात्या त्याला खेकसतात, कारण गूळ थांबत नाही.

१५ ऑक्टोबर २०२१. पुन्हा दसरा, पुन्हा दौंड. घटस्थापनेला देवळं उघडली आहेत. शाळाही सुरू झाल्यात. गल्लीत पोरं घराघरात शिरून आपट्याची पानं हातात देतात, मोठ्यांच्या पाया पडतात. तुम्ही गेल्या वर्षीच्याच घरात आहात. शिरूरकडून न्हावऱ्याहून दाजी आलेत, दुचाकीवरून, सोनं द्यायला. गावच्या टेनिस बॉल संघाचे ते कप्तान आहेत. धाकटा मेव्हणा, तोच टीव्हीसमोरचा मुलगा, आता सोळाचा झालाय आणि उन्हाळ्यापासून त्यांच्याच संघाकडून खेळायला न्हावऱ्याला जातो. गेल्या रविवारी तो शून्यावर गेला होता. दाजींनी पुढच्या सामन्याच्या यादीत त्याचं नाव घातलेलं नाही. हे दोघांनाही माहीत आहे आणि पुरणपोळीवर तूप वाढताना त्याच्या बहिणीलाही.

अंतिम सामना, दुबई. समोर कोलकाता. केशरी टोपीचं गणित असं: लोकेश राहुल ६२६, पंजाब स्पर्धेबाहेर. ऋतुराज ६०३. डू प्लेसी ५४७. ऋतुराज ३२ करतो. ६३५. राहुल मागे पडतो. पण डू प्लेसी सुटलाय. शेवटचं षटक, शिवम मावी. शेवटचा चेंडू. डू प्लेसी ८६ वर, एकूण ६३३. चौकार गेला तर टोपी त्याची. तो उंच मारतो, लाँग ऑनच्या दिशेनं. चेंडूखाली कोण आहे? व्यंकटेश अय्यर. ज्याच्याशी उदयोन्मुख खेळाडूच्या पुरस्कारासाठी ऋतुराजची खरी चुरस आहे, तोच. झेल घट्ट बसतो. दोन धावांच्या फरकानं केशरी टोपी ऋतुराजची होते.

अय्यर मग फलंदाजीला येतो. शून्यावर असताना धोनी त्याचा झेल सोडतो आणि घरात सन्नाटा पसरतो. तो गिलबरोबर ९१ ची सलामी देतो, ३२ चेंडूंत ५०. मग पालघरचा शार्दूल ठाकूर, लोकलनं मुंबईला जाऊन क्रिकेट शिकलेला, एकाच षटकात अय्यर आणि राणाला उडवतो. चेन्नई २७ धावांनी जिंकते.

बक्षीस समारंभ. हर्षल पटेल, ३२ बळी, जांभळी टोपी. मग उदयोन्मुख खेळाडू, ऋतुराज गायकवाड. मग केशरी टोपी, पुन्हा तोच. वय चोवीस. घरात टाळ्या वाजतात. दाजी मात्र मान हलवतात.

"टोपी बरोबर. पन् हे दुसरं अय्यरला द्याया पायजे हुतं. धा सामन्यांत ३७०. नवा म्हनायचा तर तो. ह्याला सोळा लागले."

"सोळा मिळाले म्हणून तर ६३५ झाले, दाजी," मेव्हणा म्हणतो. "पहिल्या तीनात किती होत्या? वीस. तिथंच बसवला असता तर?"

"बसवला नाय ना पन्."

"तेच म्हणतोय मी."

दाजी त्याच्याकडे बघतात. बहीण वाटी खाली ठेवते. टीव्हीवर धोनी चषक घेऊन तो तरुणांच्या हातात देतोय.

"रविवारी नऊला पोच न्हावऱ्यात," दाजी म्हणतात. "सलामीला नाय. तिसऱ्याला."